बोअरला पेट्रोलचा वास: "एक पावसाळा जाऊ दे" म्हणणाऱ्यांसाठी

बोअरवाला: काल इथं एकानं लिहिलं, "बोअरला पेट्रोलचा वास आला तर घाबरू नका, पावसाळ्यात धुऊन जातो." डोकंच फिरलं. काळम्मावाडी धरणाचं पाणी कोल्हापूर शहरात आलं, आमच्या उपनगरात अजून बोअरच. तीन वर्षं बघतोय. मार्चमध्ये बादलीवर रंगीत तवंग, धुतलेल्या कपड्यांना वास. जुलैत गायब, मार्चला परत हजर. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पातळी चढली की खडकाच्या भेगांत अडकून पाण्याखाली जातं, उतरली की सुटतं. धुऊन कुठलं जातंय, दडून बसतंय! मागं जुना पेट्रोलपंप आहे. विचारलं तर म्हणे, "आमचा स्टॉक जुळतो."

डिपकाठी: वीस वर्षं पंपावर काढलीत. रोज जमिनीतल्या टाकीत मोजकाठी टाकतो, पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून तळाचं पाणी बघतो. टाकी फुटली असती तर बाहेरचं पाणी आत आलं नसतं? गॅरेजवाले गटारीत काय ओततात ते बघा आधी.

काळा_दगड: टाकी पाण्याच्या पातळीच्या वर असली तर पाणी आत येणार कुठनं? आणि टाकीपासून मशीनपर्यंतचा पाइप थेंबथेंब गळला तर काठीला काय कळणार? पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं, कॅन्सर करणारं रसायन आहे ते. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. हिशेब करा, एक लिटर पेट्रोल आठ लाख लिटर पाणी नासवू शकतं.

मायलेज_गेलं: खरा चोर ते इथेनॉल! ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आल्यापासून माझी गाडी पाच किलोमीटर कमी देते.

उसाचं_कांडं: आलं का इथेनॉलवर! त्याच्यामुळंच आमची ऊसबिलं जरा वेळेवर निघाली. तुमच्या पाच किलोमीटरसाठी आम्ही ऊस पेटवायचा का?

मायलेज_गेलं: माझ्या टाकीतून तुमचं बिल का भागवायचं, एवढंच विचारतोय.

उसाचं_कांडं: चहात साखर घालता तेव्हा नाही सुचत हे?

काळा_दगड: भांडा, पण विषय इथेनॉलचा निघालाच आहे म्हणून सांगतो. जमिनीतले जंतू आधी इथेनॉल खातात, त्यात ऑक्सिजन संपतो आणि बेंझीन तसंच लांबवर सरकतं. म्हणजे गळती झाली तर ऊसवाल्यांची विहीरही सुटणार नाही.

उसाचं_कांडं: घ्या, आता विहिरीपण आमच्यामुळंच नासल्या!

मंगळवार_पेठ: एवढं कशाला? मोठा पंप लावून दोन दिवस उपसा, झालं.

काळा_दगड: ती काय घागर आहे, पालथी केली की झालं? आधी गळती बंद करा. मग तरंगणारं पेट्रोल काढायचं, जमिनीतली वाफ ओढून घ्यायची आणि भोवतीनं तपासणीचे बोअर घेऊन वर्षानुवर्षं नमुने घ्यायचे. काळ्या दगडातली भेग कुठं वळते ते वरून दिसत नाही. शेजारचा बोअर स्वच्छ आणि चौथ्या घराला वास, असंही होतं.

डिपकाठी: बरं बाबा, पाइपची प्रेशर टेस्ट व्हायला पाहिजे. मान्य. झालं समाधान? पण तुम्ही तरी पाणी तपासलंय का? कोल्ड्रिंकच्या बाटलीत अर्धं पाणी नेऊन लॅबवाल्याला दाखवू नका, बेंझीन वाटेतच उडतं. लॅबकडनं काचेची बाटली घ्या, काठोकाठ भरा आणि बर्फात ठेवून न्या.

बोअरवाला: आणली बाटली. भरली पण. झाकण लावलं की एक बुडबुडा राहतोच.

डिपकाठी: झाकणातपण पाणी घाला की! आता हे पण पंपवाल्यानंच सांगायचं.