एमडब्ल्यूक्लायंट: मराठी विकिपीडियावरून ३०० पानं आणताना काही रिकामी येतात

परळकर: मुंबईतली रेल्वे स्थानकं, किल्ले, तलाव अशी ३०० नावं एक्सेलमध्ये आहेत. एमडब्ल्यूक्लायंट या पायथन लायब्ररीत प्रत्येक नाव साइट.पेजेसला देऊन टेक्स्ट() ने पानाचा मजकूर मागवतो. वेळ फार जातो, आणि काही पानं ब्राउझरमध्ये उघडतात तरी इथे रिकामी स्ट्रिंग येते. एरर नाही. यूजर-एजंट (सर्व्हरला आपल्या प्रोग्रामची ओळख देणारं नाव) दिलेला आहे.

खिडकीजवळची_सीट: रिकामी स्ट्रिंग म्हणजे बहुधा त्या नावाचं पान सर्व्हरला सापडलंच नाही. लायब्ररी एक्सेप्शन टाकत नाही, म्हणून आधी पानाचं एक्झिस्ट्स (पान आहे की नाही) तपासा. मराठीत पहिला संशय अर्ध्या र वर घ्यावा. ‘किनाऱ्यावरील’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाला ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि मागे न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर. दिसायला दोन्ही सारखे, पण सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी शीर्षकं. विकिपीडिया चालवणारं सॉफ्टवेअर मीडियाविकी शीर्षकं एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक रूपात आणतं, पण त्याने हे दोन एक होत नाहीत. पायथनच्या ॲस्की() मधून नाव छापा, २००डी दिसला की तोच जॉइनर. र, हलंत, जॉइनर हे तिन्ही कोड एकत्र काढून त्या जागी ऱ आणि हलंत टाका. नुसता जॉइनर काढलात तर रफार होईल आणि शब्दच बिघडेल.

तीन_पन्नासची_फास्ट: वेळेचं कारण सरळ आहे. साइट.पेजेस एकदा सर्व्हरकडे जातं, टेक्स्ट() पुन्हा एकदा. म्हणजे ६०० फेऱ्या. विकिपीडियाच्या एपीआयमधल्या क्वेरी या विनंतीला एका वेळी ५० शीर्षकं उभ्या रेघेने जोडून देता येतात, म्हणजे सहा फेऱ्या. मजकूर मिळायला तिच्यात हे द्या: प्रॉप रिव्हिजन्स, आरव्हीप्रॉप कंटेंट, आरव्हीस्लॉट्स मेन.

मात्र साइट.गेट नको, त्यात शीर्षकं यूआरएलमध्येच जातात; साइट.पोस्ट वापरा. देवनागरीचा एकेक कोडपॉइंट यूआरएलमध्ये नऊ अक्षरं खातो. ३० कोडपॉइंटांची ५० शीर्षकं म्हणजे १३,५०० अक्षरं, आणि मग ४१४ (यूआरएल फार लांब) हा एरर येऊ शकतो. उत्तरात ‘कंटिन्यू’ असेल तर त्यातल्या किमती जोडून तीच विनंती परत पाठवा, नाहीतर काही पानं मजकुराविना राहतील. कृपा करून थ्रेड लावून एकाच वेळी अनेक विनंत्या पाठवू नका. एक उत्तर आलं की पुढची विनंती.

परळकर: ऱ बदलल्यावर पानं आली, धन्यवाद. तीन पानांत मात्र एकच ओळ आहे, ‘#पुनर्निर्देशन’ने सुरू होणारी.

खिडकीजवळची_सीट: ती पानं फक्त दुसऱ्या लेखाकडे पाठवतात. विनंतीत रीडायरेक्ट्स=१ घाला, मूळ लेख येईल. उत्तरातली पानं तुमच्या यादीच्या क्रमाने नसतात. एक्सेलमधलं नाव आधी उत्तरातल्या ‘नॉर्मलाइझ्ड’मध्ये (सर्व्हरने नीट केलेली नावं), मग ‘रीडायरेक्ट्स’मध्ये शोधा, आणि शेवटी मिळालेल्या शीर्षकावरून मजकूर जुळवा.