अनुभव धागा: कॅफेतली एकट्याची मैफल

साथीला कुणी नाही, ऐकणारा हाताच्या अंतरावर आणि शेजारच्या टेबलावर ऑर्डर चाललेली. कॅफेत एकट्याने गाणं-वाजवणं हे सभागृहातल्या कार्यक्रमापेक्षा फार वेगळं काम आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी लिहून ठेवत नाही. तुम्ही कलाकार असाल, कॅफे चालवत असाल किंवा नुसते श्रोते असाल, तरी इथे लिहा. काय जमलं, काय अडलं ते तपशिलात हवं. सुरुवात मी करते.

पुण्यात मी गिटारवर मराठी गाणी गाते. पट्टी काळी चार. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की जी, सी, डी हेच मोकळ्या तारांचे कॉर्ड वापरता येतात. एकट्या गिटारला जो भरीवपणा लागतो तो त्या मोकळ्या तारांतून येतो. खरी अडचण सुरांची नसतेच. ग्राइंडर सुरू होतो, दूध फेसाळताना वाफ सुटते आणि नेमका हळू अंतरा त्यात जातो. म्हणून मी गाण्यांची यादी काउंटरवरच्या मुलांना आधीच देते, त्यात संथ गाण्यांपुढे खूण केलेली असते. तेवढ्या वेळात कोल्ड ब्रू, लिंबू सरबत, केक असल्या ऑर्डर पुढे घ्यायच्या. एका ठिकाणी तर तो मुलगा कॅपुचिनोचं दूध ओतून माझ्याकडे बघत थांबायचा, समेवर आले की नळी उघडायचा! एवढं लक्ष देऊन मला क्वचितच कुणी ऐकलं असेल. कॅफेत ऐकणं घडतं ते अशा तयारीमुळे, हे माझं ठाम मत.

•

मी नाशिकला छोटा कॅफे चालवतो. कलाकाराला ‘तुमची प्रसिद्धी होईल’ असं सांगून फुकट बोलावणं मला पटत नाही. मानधन आधी ठरवतो, खाणं-कॉफी त्याशिवाय माझ्याकडून. शनिवार मुद्दाम टाळतो, कारण त्या दिवशी लोक गप्पांना येतात आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. बुधवारी किंवा गुरुवारी तिकीट ठेवतो, त्यात एक कॉफी धरलेली असते. तिकीट काढून आलेला माणूस खुर्ची वळवून बसतो. ज्यांना हे नवं करायचंय त्यांना एक सांगतो: दुसऱ्यांची गाणी गायली जाणार असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेच्या परवान्याचं बघून घ्या. गीतकार-संगीतकारांचे पैसे तिथून जातात आणि ते बघणं जागेच्या मालकाचं काम आहे, गाणाऱ्या पोराच्या गळ्यात टाकू नये.

•

नागपूर, मे महिना, बासरी. बाहेर आग आणि आत एसीचा झोत थेट माझ्या डोक्यावर. थंड बासरी उतरलेली बोलते आणि फुंकरीने तापली की चढते. तानपुरा मात्र मोबाइलवर, त्याचा सूर हलत नाही. तेव्हापासून झोतापासून दूरची जागा मागून घेतो, बासरी कापडात गुंडाळून ठेवतो आणि बसण्याआधी तिच्यात नुसती फुंकर घालत राहतो. कॅफेत मोठा राग मांडायला वेळ नसतो असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. पंधरा मिनिटांचा आलाप लोकांनी शांत ऐकलाय, फक्त तो सुरुवातीला घ्यावा, खाणं टेबलावर यायच्या आधी.

•

पणजी. मांडो हे आमचं जुनं कोंकणी गाणं मुळात दोन आवाजांत गायचं, सोबत व्हायोलिन आणि घुमट हे मातीचं तालवाद्य. ते एकट्याने गिटारवर घ्यायचं म्हणजे निम्मं गाणं घरी ठेवून जाणं, असं मला वाटायचं. पण इथे कॅफेत चार जुनी माणसं असतातच. दुसऱ्या ओळीला कुणीतरी खालचा आवाज धरतं, मग बाजूचं टेबल. आता मी वरचाच आवाज गातो आणि खालची जागा मोकळी ठेवतो.
(पावसाळ्यात तारा फार लवकर गंजतात. लेप दिलेल्या तारा महाग पडल्या तरी घ्या.)

•

न्यूयॉर्क राज्यात, ऑल्बनीजवळ राहते. इथून जवळच सॅराटोगा स्प्रिंग्जला ‘कॅफे लेना’ आहे, १९६० पासून चालू. बॉब डिलन १९६१ मध्ये, फारसं नाव झालेलं नसताना, तिथे गायला होता. मी नुसती श्रोता. जागा लहानच, लोक मात्र ऐकायलाच आलेले. ते पाहिल्यापासून मला वाटतं, आपल्या प्रत्येक गावात अशी एक खोली हवी, जिथे नवख्या कलाकाराला हक्काने संध्याकाळ मिळेल. वरच्या नाशिकच्या दादांसारखी माणसं ते करतायत, हे वाचून खूप बरं वाटलं.

•

नवख्यांसाठी माईकबद्दल थोडं लिहिते. छोट्या खोलीत स्पीकर आपल्या पाठीमागे ठेवू नका, माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा, म्हणजे शिट्टी येणार नाही. रिकाम्या खोलीत आवाज जास्त घुमतो, माणसं बसली की दबतो; म्हणून साऊंड चेकवर विसंबू नका, पहिल्या गाण्यानंतर शेवटच्या टेबलाला विचारा. काचेच्या भिंतीसमोर बसायची वेळ आली तर थोडं तिरकं बसा. आणि जागा फार लहान असेल तर माईक नकोच. कोल्हापूर, सोलापूर, बेळगावकडच्या कुणी असं काही केलंय का? लिहा ना.