पानफुटी रात्री ऑक्सिजन सोडते का?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, फोंडा

नववीच्या वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवताना एका मुलीने विचारलेल्या शंकेचे मला समाधानकारक उत्तर देता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहे. तिच्या घरी झोपण्याच्या खोलीत स्नेक प्लांटची कुंडी आणली आहे आणि ‘हे झाड रात्रीही ऑक्सिजन सोडते’ असे रोपे विकणाऱ्याने सांगितले होते. परसातल्या पानफुटीबद्दल तिची आजीही तेच सांगते. प्रकाशाशिवाय ऑक्सिजन तयार होत नाही, असे मी शिकवते. मग या झाडांचे रात्री नेमके काय चालते? भात, ऊस आणि अननस कार्बन डायऑक्साइड एकाच रीतीने घेतात का?

उत्तर : वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, मडगाव

बाई, आपण शिकवता तेच बरोबर आहे. ऑक्सिजन पाण्याच्या रेणूचे विघटन होऊन निघतो आणि त्या विघटनाला प्रकाश लागतोच. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेणे आणि ऑक्सिजन बाहेर सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी लोक एक समजतात, तेथे घोटाळा होतो.

पानफुटी, अननस, स्नेक प्लांट, बहुतेक निवडुंग आणि झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या कित्येक आमरी दिवसा पर्णरंध्रे बहुतांशी मिटून ठेवतात, कारण उन्हात ती उघडली तर पाणी उडून जाते. रात्री ती उघडतात, आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठतो आणि उजाडल्यावर त्या आम्लातून तो पुन्हा मोकळा होऊन त्याची साखर बनते. ऑक्सिजन निघतो तो या दिवसाच्या टप्प्यात. रात्री मात्र हे झाड इतर झाडांसारखेच श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते. या पद्धतीला ‘कॅम’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी भारतात असताना पानफुटीची पाने चाखून पाहिली होती. ती सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात, ही त्यांची नोंद १८१५ साली छापली गेली. मुलांना मात्र पान चाखायला देऊ नये, पीएच कागद पुरेसा आहे.

उत्तर : शेतकरी, सत्तरी

भाताबद्दल मी लिहितो, कारण माझ्याकडे वायंगणाचे, म्हणजे रब्बी हंगामातले, भात आहे आणि उतारावर थोडी नाचणीही आहे. भात, आंबा, काजू आणि नारळ ही सारी सी-३ गटातली आहेत : हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांच्या पानांत थेट रुबिस्को या विकराकडे जातो आणि पहिला स्थिर पदार्थ तीन कार्बनांचा बनतो. अडचण अशी की रुबिस्को ऑक्सिजनलाही धरतो, आणि उष्मा वाढतो तशी ही चूक वाढत जाऊन बांधलेला काही कार्बन पुन्हा हवेत जातो. नाचणी, मका आणि ऊस ही गवते सी-४ गटातली; त्यांच्यात आधी दुसरे विकर काम करते, जे ऑक्सिजनला धरतच नाही. त्यातून बनलेले चार कार्बनांचे आम्ल शिरांभोवतीच्या मोठ्या पेशींत जाते आणि तेथे कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे रुबिस्कोभोवती त्याचीच दाटी होते. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवरून हा मार्ग मांडला. पर्णरंध्रे फारशी न उघडताही काम भागत असल्याने नाचणी थोड्या पाण्यावर तगते.

मग सगळीच झाडे तशी का नाहीत, असे मुले विचारतील. या जादा फेरीला जादा ऊर्जा लागते, आणि ती भर उन्हातच परवडते. कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, सावलीत वाढणारी केळी, मिरी आणि वेलदोडा सी-३ गटातलीच आहेत. आपली तांबडी भाजी (लाल माठ) मात्र गवत नसूनही सी-४ आहे, हे मला फार उशिरा कळले आणि फार आवडले.

प्रश्नकर्ती, चार दिवसांनी

आपणा दोघांची मी मनापासून आभारी आहे. पहाटे साडेसहाला पानफुटीचे पान ठेचून गाळलेल्या रसात पीएच कागद बुडवला, तर तो नारिंगी झाला. दुपारी चारला त्याच झाडाच्या दुसऱ्या पानाने तो पिवळा झाला. शेजारच्या जास्वंदीच्या पानाने दोन्ही वेळा सारखाच रंग दिला. साऱ्या नोंदी त्या मुलीनेच वहीत केल्या. आता तिने विचारले आहे, की खोलीत रात्रभर दिवा लावून ठेवला तर पान आंबट होईल का?

उत्तर : वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, मडगाव

प्रश्न उत्तम आहे. पानाचे स्वतःचे अंतर्गत घड्याळ असते, म्हणून सतत उजेडातही ही लय एकदम थांबत नाही. तिला दोन कुंड्या घेऊन एक दिव्याखाली आणि एक अंधारात ठेवू द्या, आणि पहाटे दोन्हींचे कागद शेजारी शेजारी वाळवा.