शाळेची सहल : तुमचे अनुभव सांगा

कडीपत्ता :
भाचीच्या शाळेची सहल वॉटरपार्कला चाललीये. काल ताईने संमतीपत्राचा फोटो पाठवला, खाली बारीक अक्षरात 'मौल्यवान वस्तू हरवल्यास शाळा जबाबदार राहणार नाही'. ती ओळ वाचली आणि मी थेट २००९, नववी ब, पहाटेचे पाच, मैदानावर लाल डबा उभा आणि स्वेटरवरून आईची शाल.

आमची दौलताबाद-वेरूळ-बीबी का मकबरा. इतिहासाच्या सरांनी महिनाभर कैलास लेणं डोक्यात भरलेलं. एकच खडक, वरून खाली कोरत आणलाय, आधी कळस मग पाया, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण. पाठच झालेलं. दौलताबादला अंधारीत वटवाघळांच्या वासाने निम्म्या मुली किंचाळत उलट्या पळाल्या, सरांनी बॅटरी आणलेली पण सेल घरी. मग वेरूळ. गाडी थांबली, सर उतरले, आणि खिडकीतून आम्हाला नुसती सरांची पाठ दिसत होती. बराच वेळ पाठच. पुढे गेटवर पाटी, मंगळवारी बंद.

कुणी काही बोलेना. मग सरांनी सगळ्यांना उतरवलं, गेटाबाहेर ओळीत बसवलं आणि पाऊण तास तिथेच कैलास शिकवला. हवेत, हातांनी, वरून खाली. शेंगदाणेवालापण टोपली खाली ठेवून ऐकत होता. मी अजून वेरूळ पाहिलेलं नाही पण कुणी विचारलं तर सगळं सांगते. तुमचेही येऊद्यात.

खुलताबादचा_पेरू :
मंगळवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा. आमच्याकडे शेंबड्या पोराला माहितीये हे 😄 काकांची घृष्णेश्वराजवळ चहाची टपरी होती, डिसेंबर-जानेवारीत मंगळवारी एखादी तरी सहल तोंड पाडून यायचीच. काका म्हणायचे लेणी बंद असली की वडापाव जास्त जातो.

कडीपत्ता :
@पेरू म्हणजे तुमच्या काकांकडे वडापाव खाल्लाय मी बहुतेक. चटणी फार तिखट होती हो.

खुलताबादचा_पेरू :
तीच ती.

सीट_नंबर_४२ :
तुम्ही निदान लेणी बंद म्हणून नाही पाहिली, मी प्रतापगड गाडीतूनच पाहिला. आंबेनळी घाट. आईने ओवा दिलेला, आल्याच्या वड्या दिलेल्या, लिंबू हुंगायला दिलेलं, कुणीतरी म्हणालं पोटाला पेपर बांध तोही बांधला, आणि शेवटी सगळं पीटीच्या पांढऱ्या ड्रेसवर, तेही शेजारणीच्या. ती आज माझी वहिनी आहे. अजून दर दिवाळीला काढते.

भाऊचा_धक्का :
@४२ आधी सांगा भावाला माहिती होतं का हे सगळं 😂

आमची रायगड. रोपवे होता पण सर म्हणाले तो म्हाताऱ्यांसाठी, आपण पायऱ्यांनी. वर पोचेस्तोवर सरच दर वळणावर 'निसर्ग बघा' म्हणून बसायला लागले. गाईडने सांगितलं नगारखान्याच्या दारात कुजबुजलं तरी सिंहासनापाशी ऐकू जातं, दोनशे फुटांच्या वर अंतर असेल. आमच्या एका मित्राला पटलं नाही. तो मुकाट्याने दारात गेला आणि अगदी हळू म्हणाला, "टकल्या."

सिंहासनापाशी सरच उभे होते. लांबून त्यांनी फक्त मान वळवली. उतरताना सगळ्या पायऱ्या तो सरांची पिशवी घेऊन उतरला, वर सर म्हणतात कसे, "बघ, प्रयोग यशस्वी झाला का नाही."

पोळपाट :
सहल म्हटलं की मला तिखटामिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणीच आठवते. आणि डब्याला गुंडाळलेला ओला झालेला पेपर. बाकी काय पाहिलं देव जाणे.

मी_नाही_त्यातली :
मी एकाही सहलीला गेले नाही. बाबांचा नकार, एकदा पैसे, एकदा मुलीला रात्रीचं बाहेर नको. न जाणाऱ्यांना शाळेत यावं लागायचं. आठवी-नववी-दहावी सगळे मिळून एका वर्गात पंधरा-सोळा टाळकी. पहिल्या तासाला सगळे गप्प, दुसऱ्या तासाला बाई म्हणाल्या जा लंगडी खेळा. आणि काय सांगू, अख्खं मैदान आपलं! पाण्याच्या नळाला रांग नाही, लायब्ररीची किल्ली आमच्याच हातात.

पण खरी गंमत पुढे. चाचणीत निबंध आला 'आमची शैक्षणिक सहल'. मी गणपतीपुळ्याची लिहिली. लाटा, मोदक, परतीच्या गाडीत भेंड्या, एका मैत्रिणीची चप्पल समुद्रात गेली वगैरे वगैरे. दहापैकी नऊ. बाईंनी वर्गात वाचून दाखवली. ज्या गेलेल्या होत्या त्या म्हणतात, अगं कुणाची गं चप्पल गेली?

कडीपत्ता :
@मी_नाही_त्यातली हसू की रडू. आता गेलात का कधी पुळ्याला?

मी_नाही_त्यातली :
दोनदा. चप्पल गाडीतच ठेवते.

हजेरीपट :
मी शिक्षक आहे, दुसरी बाजू मांडतो. तुम्हाला गड आठवतात, आम्हाला डोकी. गाडीत चढताना मोजायची, उतरताना मोजायची, मुतारीपाशी मोजायची. एसटीला शालेय सहलीला निम्मं भाडं लागतं म्हणून लाल डबाच, त्याच्यासाठी आगारात अर्ज, संमतीपत्रं, मंजुरी, एक फाईल होते जाडजूड. २०१६ ला मुरुडला सहलीची चौदा मुलं बुडाली, तेव्हापासून मी समुद्राचं नाव काढलं नाही. पोरं चिडतात, चिडू देत.

हसण्यासारखं एकच. महाबळेश्वर, वेण्णा लेकवरून निघताना मोजली तर चव्वेचाळीस. आणली होती त्रेचाळीस. परत मोजली, चव्वेचाळीस. मागच्या सीटवर एकजण निवांत कणीस खात बसलेला, पांढरा शर्ट खाकी पँट, सगळं बरोबर, फक्त शाळा दुसरी. म्हणाला, "सर आमच्या गाडीत गाणी लावत नाहीत."

भाऊचा_धक्का :
पोरगं पुढे जाणार नक्की 😂😂

सीट_नंबर_४२ :
सर त्याला परत दिलात ना?

हजेरीपट :
दिला हो. त्यांच्या बाई अजून मोजतच होत्या.

स्काऊटचा_रुमाल :
धाग्याचा विषय सोडून, कुणी खरी कमाई केलीये का? आम्हाला स्काऊटमध्ये लोकांची कामं करून पैसे आणायला सांगायचे. मी शेजारच्या आजोबांची सायकल धुतली, आठाणे मिळाले, आणि साबण आईचा दोन रुपयांचा संपला.

पोळपाट :
खरी कमाई! मी गव्हातले खडे निवडलेले, निम्मे गहूच निवडून टाकले.

अहो पण लेकीची सहल उद्या आहे, पहाटे साडेचारला बस. तिखटामिठाच्या पुऱ्या संध्याकाळपर्यंत मऊ राहायला मोहन किती घालता? आईला विचारलं तर म्हणते अंदाजाने.

खुलताबादचा_पेरू :
मोहन कमीच, पीठ दुधात भिजवा. आणि कुठे चाललीये सहल?

पोळपाट :
वेरूळ. उद्या बुधवार आहे, बघितलं मी आत्ता कॅलेंडरात.