टायरमधली हवा आणि समुद्रातलं तेल

'टायरमध्ये हवा भरून तेलाचा प्रश्न सुटतो होय?' तेल वाचवावं की समुद्रात नव्या विहिरी खणाव्यात, या इथल्या चर्चेत कुणीतरी मारलेला हा टोमणा मुळात 2008 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतला. टायरमधली हवा नीट ठेवली, गाडीची देखभाल वेळेवर केली, तर किनाऱ्यालगत नव्या विहिरी खणून जेवढं तेल मिळेल तेवढं वाचेल, असं उमेदवार ओबामा म्हणाले. त्यांचे प्रतिस्पर्धी मॅककेन यांच्या प्रचारकांनी लगेच हवा मोजायचे गेज वाटून त्यांची खिल्ली उडवली. राजकारण म्हणून झकास! पण अमेरिकेच्याच ऊर्जा माहिती प्रशासनाने 2007 मध्ये सांगून ठेवलं होतं की किनाऱ्यालगत तेल खणण्यावरची बंदी उठवली तरी 2030 पूर्वी उत्पादनावर किंवा किमतीवर लक्षणीय परिणाम होणार नाही. सर्वेक्षण, लिलाव, परवाने, मग समुद्रात प्लॅटफॉर्म उभारणं, यात वर्षं जातात. हवा आज भरता येते.

शिवाय 1973 च्या तेलकोंडीनंतर (अरब देशांनी तेल रोखलं होतं), 1975 मध्ये अमेरिकेत मोटारींच्या किमान सरासरी मायलेजचा कायदा आला आणि दहाएक वर्षांत नव्या मोटारींचं सरासरी मायलेज जवळपास दुप्पट झालं. बचत म्हणजे नुसता उपदेश नव्हे.

तरीही 'खणून काही उपयोग नाही' हे इथल्या काहींचं म्हणणं मला मान्य नाही. 2008 ते 2019 या काळात अमेरिकेचं कच्च्या तेलाचं उत्पादन दुपटीहून जास्त झालं, आणि 2014 मध्ये भाव कोसळले त्यात याचा मोठा वाटा होता. फक्त ही वाढ मुख्यतः टेक्सास, नॉर्थ डकोटातल्या जमिनीखालच्या शेल (तेल धरून ठेवणाऱ्या घट्ट) खडकांतून आली. भांडण चाललं होतं समुद्रावरून.