मदत हवी आहे: विंडोज ११ च्या नॅरेटरमध्ये (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) मराठी मजकूर वाचून घ्यायचा आहे

माझी ताई पूर्ण अंध आहे, कार्यालयात आवक-जावक आणि पत्रव्यवहार पाहते. लॅपटॉप कार्यालयाचा आहे, विंडोज ११. बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नाही आणि पेनड्राइव्ह बंद आहे, त्यामुळे एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पेनड्राइव्हवरून चालणारा पोर्टेबलसुद्धा) कृपया सुचवू नका. घरी ती तेच वापरते, त्यातल्या ईस्पीक या आवाजाच्या मराठीवर तिचं काम छान चालतं. इथे फक्त अंगचा नॅरेटर आहे.

इंग्रजी आवाज ठेवला की देवनागरी ओळी गाळल्या जातात. आयटीवाल्यांकडून हिंदी भाषा आणि तिचा 'हेमंत' हा आवाज टाकून घेतला. आता मराठी वाचलं जातं, पण 'जावक' 'ज्यावक' ऐकू येतं. तेवढं ताई चालवून घेते. खरी अडचण मिश्र पत्रांची: मराठी वाक्यात इंग्रजी विभागाचं नाव किंवा ईमेल आला की हेमंतच्या उच्चारात तो कळतच नाही, आणि पत्ता चुकला तर पत्र भलतीकडे जातं. कॅप्स लॉक + ऑल्ट + अधिक/वजा दाबून आवाज बदलता येतो, पण दर ओळीला ते करणं म्हणजे कामाचा खोळंबा.

फाइली वर्डच्या आणि युनिकोडमध्येच आहेत, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या नाहीत. वर्डमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी ठरवूनही पाहिली, फरक नाही.

नॅरेटरमध्ये इंटरनेटशिवाय चालणारा मराठी आवाज कुणी प्रत्यक्ष वापरला आहे का? आणि नसेल तर लिपीप्रमाणे आवाज आपोआप बदलेल, अशी सेटिंग नेमकी कुठे आहे?