फवारणी किट आणि "शेतकऱ्यांचाच निष्काळजीपणा"

रानवारा: परवा इथं एकानं लिहिलं, 'फवारताना अंगावर घालायचं किट फुकट दिलं तरी शेतकरी घालत नाहीत, विषबाधा झाली की मग सरकारच्या नावानं बोंब.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. भाद्रपदात खांद्याएवढ्या कपाशीत शिरून बघा, वारा नाही, घामाची चिकचिक, पाठीवर भरलेला पंप आणि वरून प्लास्टिकचा झबला. औषधानं पडायच्या आधी माणूस उकाड्यानं पडतो. २०१७ ला यवतमाळात २० च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, पण हा झबला आपल्या हवेत किती वेळ अंगावर राहतो ते मोजायला बांधावर कोण आलं? कामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था अहमदाबादला, तिची केंद्रं बंगळुरू न् कोलकात्याला. आमच्याकडं बॅनर लावून वाटपाचा फोटो.

निमपुणेकर: मीच लिहिलं होतं, अजूनही तेच म्हणतो. पंपाचं नोजल तुंबलं की तोंडानं फुंकतात, बादलीत हात घालून ढवळतात, हे काय हवेमुळे? आमच्या कंपनीत हेल्मेट नसेल तर गेटवरूनच परत.

रानवारा: शेताला गेट कुठाय साहेब.

सिस्टर_वणी: त्या साली मी वॉर्डात होते, कुठल्या ते सोडा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, अंगावर तेच भिजलेले कपडे. विषावरचा उतारा म्हणून अॅट्रोपीन चालू करायचं, कपडे काढून साबणानं धुवायचं आणि विचारायचं कोणतं औषध मारलं, तर उत्तर 'दुकानदारानं दिलं ते, तीन मिळून होतं'. बाटली सोबत आणा एवढं जरी कुणी गावोगाव सांगितलं ना!

कृषीकेंद्रवाला: आलं परत दुकानदारावर! मी बाटलीवरचा जहाल विषाचा लाल त्रिकोण दाखवून बजावतो, तर म्हणतात 'मग हेच दे, कडक असंल'. आणि तीन वर्षांची उधारी पडलीय ती कोण देणार, त्यावर काढा की धागा.

कपाशीवाला_घाटंजी: शेट, उधारी हाय म्हणूनच तुमी देता ते घ्या लागते. वरून पिकाचं टॉनिक गळ्यात मारता ते येगळंच.

कृषीकेंद्रवाला: टॉनिक तुम्ही मागता! शेजाऱ्याची कपाशी हिरवी दिसली की पळत येता. बियाणं उगवलं नाही तरी मीच, पाऊस नाही आला तरी मीच.

सिस्टर_वणी: विषय माणसं मरण्याचा होता बहुतेक.

कपाशीवाला_घाटंजी: बरं, आयका मंग. मांगच्या साली माझ्याच वावरात मजूर पडला. मजुरी पंपावर, जितके पंप तितके पैसे, तो कायले मास्क नीट करत थांबते? सरकारच्या शेतकरी अपघाताच्या योजनेत खातेदार न् त्याच्या घरचा एक जण, मजूर नाई. सातबारा माया, पंप त्याच्या पाठीवर. वाचला, पण दवाखान्याचं बिल आमी दोघांनी अर्धं अर्धं भरलं, अर्धं त्यानं काऊन भरलं हे मले अजून सांगता येत नाही.

निमपुणेकर: पंपावर मजुरी असते हे माहीत नव्हतं, मान्य. म्हणून नोजल फुंकणं बरोबर ठरत नाही.

रानवारा: कोण बरोबर म्हणतंय? ते साफ करायला पिन द्या खिशात ठेवायला, झबल्यापेक्षा स्वस्त पडेल. पण असलं सुचायला दिवसभर फवाऱ्यामागं हिंडावं लागतं.

कृषीकेंद्रवाला: पिन आहे माझ्याकडे. रोखीनं.